मोजणीत चारच निघाले

मंडळी, पायी चालणाऱ्यांसाठी रस्ते आखणं हे माझं काम. इथे आखातात, करामातल्या आपल्या प्रत्येक गेट-टुगेदरला मी ते मिरवते, तुम्हाला माहितीच आहे.

आज पहाटे पाचला एका इंडस्ट्रियल एरियात साइट व्हिजिट होती. रस्त्याच्या एका बाजूला कामगारांचे कॅम्प, दुसऱ्या बाजूला फॅक्टऱ्या. मधे दुभाजकावर आम्ही लावलेली लोखंडी जाळी. ती सारखी तुटते, अशी क्लायंटची तक्रार होती.

पोचले तर माणसांची रांगच्या रांग जाळीवर चढून पलीकडे उड्या मारत होती. एका काकांनी आधी डबा पलीकडे दिला, मग स्वतः चढले. उतरताना तळहात फाटला. मी टिश्यू पुढे केला.

"मॅडम, ये जाली किसने लगाई?"

"पता नहीं, भाईसाब."

जाळी माझ्याच ड्रॉइंगवरून लागलीय. खरं तर तिथे झेब्रा क्रॉसिंग येणार होतं, पण मोजणीत पायी चालणारे चारच निघाले. मोजणी मी सकाळी आठ ते दहा केली होती, एसी गाडीत बसून. आपण ऑफिसला निघतो ती वेळ. ही माणसं तोवर कधीच कामाला लागलेली असतात.

दहाच्या मीटिंगमध्ये हे सगळं सांगणार होते. मी तोंड उघडायच्या आत क्लायंट म्हणाला, "जाळीची उंची अर्धा मीटर वाढवा. यल्ला, चला लवकर, ड्रॉइंग आजच पाठवा."

मी "शुअर" म्हणाले. आत्ताच पाठवलं.

तळहाताची जखम भरायला किती दिवस लागतात हो? नवी जाळी सोमवारी बसतेय.