पिवळी पट्टी

नाशिकच्या एका दवाखान्यासाठी आम्ही प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा तो एकाच इमारतीत चालायचा. डॉक्टरांनी औषध टाइप केलं की तो पेशंटचे रिपोर्ट तपासायचा आणि धोका असेल तर लाल अक्षरांत सांगायचा. पुढे शाखा निघाल्या. मालक डॉक्टर म्हणाले, "इगतपुरीलाही लावून टाका." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

त्या काळच्या फोनलाइनवर सगळं नाशिकहून चालवणं अशक्य होतं. म्हणून कोणतं औषध कुणाला द्यायचं नाही, या नियमांची एक प्रत मी इगतपुरीच्या कॉम्प्युटरवरच ठेवली. रोज सकाळी तो फोन लावून नवे नियम उतरवून घ्यायचा. फोन लागला नाही तर जुन्यांवर काम चालू. तिथल्या सिस्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "दादा, पावसाळ्यात आमचा फोन दोन-दोन आठवडे बंद असतो. नियम जुने हायेत, हे आम्हाला कळायचं कसं?" अशा वेळी पडद्यावर एक पिवळी पट्टी दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, "असल्या पट्ट्यांनी लोकांचा विश्वास उडतो, सिस्टर." खरं कारण वेगळं होतं. मालकांपुढे माझा प्रोग्रॅम लंगडा दिसायला नको होता.

त्या पावसाळ्यात आम्ही एक नियम बदलला. किडनी कमजोर असलेल्यांना सांधेदुखीची एक गोळी द्यायची नाही, ही सूचना आधी फक्त सत्तरीपुढच्यांसाठी होती, ती सगळ्यांना लागू केली. इगतपुरीचा फोन तेव्हा बंद होता. रेल्वेतून निवृत्त झालेले एक पॉइंट्समन, वय चौसष्ट, रिपोर्टात किडनी कमजोर, गुडघे धरून तिथे आले. नव्या डॉक्टरांनी तीच गोळी टाइप केली. पडद्यावर काहीच आलं नाही, त्यांनी लिहून दिली. बारा दिवसांनी अंगावर सूज घेऊन ते नाशिकला आमच्या वॉर्डात आले आणि डायलिसिस सुरू झालं.

मी नोंदी काढून बघितल्या. बिघाड कुठेच नव्हता, मी शिकवलं होतं तसाच प्रोग्रॅम वागला होता. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी घेऊन इगतपुरीला गेलो आणि पट्टी टाकली. अर्धा तासही लागला नाही. सिस्टर शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

तिथून थेट नाशिकच्या वॉर्डात गेलो. ते पॉइंट्समन झोपले होते, उशाशी त्यांची बायको बसली होती. दवाखान्याचा कॉम्प्युटर मीच बघतो म्हटल्यावर ती अदबीनं उठली आणि पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. चार शिल्लक होत्या.

"हिथं आल्यापासून ह्या देत नायत," ती म्हणाली. "कॉम्प्युटरनं तपासून दिल्यात, म्हणून मी जपून ठेवल्या. घरी गेल्यावर परत चालू करू ना, साहेब?"

मी पाकीट तिच्या हातून घेतलं. "नाही, मावशी," म्हटलं, आणि पुढचं सांगायला तिच्या शेजारी बसलो.