आजोबांच्या सदऱ्याचं माप

चौतिसाव्या वर्षी मी मुलुंडच्या एका शिवणवर्गात नाव घातलं. त्याआधी चौदा वर्षं मी धंदा केला होता. त्यातून बाहेर पडलेल्या आम्ही सहाजणी एका संस्थेच्या वसतिगृहात राहायचो आणि दिवसभर शिवण शिकायचो. सहाजणींत मी सगळ्यात तोंडाळ आणि सगळ्यात ढ.

पहिल्याच महिन्यात मी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे घालणार कोण?"

"बाई, पुढची फॅशन हीच येणार, बघा!"

फॅशन काही आली नाही. ब्लाउज मलाच उसवावा लागला.

तरी वर्षभराने बाईंनी मला, वर्गाकडे कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांची मापं घ्यायला पुढच्या खोलीत बसवलं. म्हणाल्या, "तुला माणसांशी बोलता येतं." मी मनात म्हटलं, येणारच, अनुभव काय कमी आहे?

आठवडाभर बायकाच आल्या. मग एका दुपारी एक आजोबा आले, गिरणीतून रिटायर झालेले, मालवणकडचे. नातीच्या लग्नासाठी सदरा शिवायचा होता. ते हात पसरून उभे राहिले. छातीभोवती टेप फिरवायची, एवढंच काम. आणि माझे हात लटपटायला लागले. पुरुषाला काय घाबरायचं, असं धंद्यातल्या नव्या पोरींना शिकवणारी मी, पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्यापुढे घामाघूम! पुरुषाला हात लावला की पुढे काय होतं, तेवढंच त्या हातांना ठाऊक होतं.

"काय गो बाय, मी काय वाघ आसंय?"

"नाही आजोबा, टेप जरा आखूड पडतेय."

टेप साठ इंची आणि आजोबा पापडासारखे. त्यांनी टेपेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काय समजले कोण जाणे. टेप माझ्या हातातून घेऊन स्वतःच छातीभोवती गुंडाळली.

"तू आकडो वाच."

सगळी मापं त्यांनीच घेतली. मी वाचली, लिहिली आणि गळ्याच्या जागी बाहीचा आकडा लिहून बसले. चार दिवसांनी आजोबा मी शिवलेला सदरा चढवून आरशापुढे उभे राहिले.

"ह्या गळ्यात माझो जावय पण मावात!"

मला इतकं हसू आलं की हसताहसताच मी टेप त्यांच्या मानेभोवती घातली. माप घेऊन झालं, वहीत लिहिलं, तेव्हा लक्षात आलं की हात थरथरले नव्हते.

सदरा मी रात्रीतून दुरुस्त केला. आजोबांनी लग्नाचं आमंत्रण दिलं. मी साडीसुद्धा इस्त्री केली, पण गेले नाही. तिथे कुणी विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?" तर काय सांगणार? नवरीच्या आजोबांचा सदरा मी शिवलाय, असं सरळ सांगता आलं असतं. पण हे सुचायला मला पुढचे आठ दिवस लागले.