काकांचा वन्स मोअर

माझ्या काकांचा कॉलेजात बँड होता. इंग्लिश गाणी, चौघंजण, नाशकात बऱ्यापैकी नाव होतं म्हणे! पुढे एक सिन्नरला कारखान्यात लागला, एक निफाडला द्राक्षं करायला लागला, एक विमा विकायला लागला, आणि काकांकडे गिटार तेवढी राहिली. ती अर्धा दिवाण अडवून झोपायची. काकू म्हणायच्या, "ह्या सवतीला माळ्यावर टाका आता."

मग मी सातवीत असताना काकांनी त्या तिघांना गोळा केलं आणि गंगापूर धरणात भाड्याची मोटरबोट ठरवली. कार्डावर छापलं, 'क्रूझवर रॉक नाइट, दुपारी चार वाजता'. बत्तीस फॅन आले. त्यातले एकोणतीस आमचे नातेवाईक.

निघतानाच काकूंनी अट घातली. "एक तरी वन्स मोअर आला, तर राहू दे गिटार. नाहीतर माळा."

"मंजूर," काका म्हणाले. आवाज जरा बारीक आला.

ड्रमसेट बोटीत मावेना, म्हणून द्राक्षवाल्यांनी लाइफ जॅकेटच्या पेटीवर वाजवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भेळ खाल्ली, मध्येच कुणाला बगळा दिसला तर सगळे त्या बाजूला गेले आणि बोट कलली. वन्स मोअर काही येईना. काठ जवळ आला, शेवटचं गाणं संपलं, आणि मागून आम्ही पोरं एकदम ओरडलो, "वन्स मोअर!"

बोटवाल्याने लगेच बोट वळवली. त्याच्या धंद्यात वन्स मोअर म्हणजे अजून एक राउंड. आमच्याही डोक्यात तेच होतं.

काका एकदम खूश! काकू म्हणाल्या, "तो राउंडसाठी होता. धरायचा नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खरं सांगून टाकलं. सातवीत अक्कल नसते.

तरी काकांनी तेच गाणं परत म्हटलं, डोळे मिटून, अख्खा राउंडभर. संपलं. काठ आला. कुणीच ओरडलं नाही, पोरांना भूक लागली होती. काका गिटार कव्हरमध्ये घालायला लागले.

"वन्स मोअर!"

काकू. पाण्याकडे बघत.

काकांनी विचारलं, "राउंडसाठी की गाण्यासाठी?"

"डिझेल संपलंय," बोटवाला म्हणाला.

"मग गाण्यासाठीच," काकू म्हणाल्या.

बोट बांधलेली होती, नातेवाईक चपला घालून उभे होते. सगळे परत बसले.