पाण्याला गेली

लग्नानंतरची पहिली नागपंचमी. माहेर लोणी काळभोरला, सासर वारज्याच्या नव्या सोसायटीत. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, वर कॉम्प्युटर कंपनीत नोकरी. हे मी तेव्हाही सांगायचे, आजही सांगते. पण पंचमीला भाऊ न्यायला येतो, तो मान वेगळा.

आला. मी स्वयंपाकघरात पुरणाची डाळ लावली होती. कुकरची शिट्टी थांबली तसं सासूबाईंचं बोलणं कानावर आलं. "अहो, ती ऑफिसला गेलीय. सुट्टीच देत नाहीत ना!"

"बरं, मंग येतो," भाऊ म्हणाला. नवरा तिथेच पेपर वाचत बसला होता.

बाहेर आले तोवर दार लागलेलं. "पाहुण्या येतायत," सासूबाई म्हणाल्या. "दिंडं काय मी एकटीने उकडू?"

गॅलरीतून भाऊ बसस्टॉपकडे जाताना दिसला. हाक मारली असती तर अख्ख्या सोसायटीने ऐकली असती. नाही मारली. एवढी शिकलेली मी, मुकाट्याने पुरण वाटायला बसले.

थोड्याच वेळात बायका जमल्या, फेर धरला.

"आता आमच्या सूनबाईंचं गावाकडचं होऊ दे. कॉम्प्युटर सोडून तेवढं येतं तिला," सासूबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

मी आईचं गाणं धरलं. सुनेला विहिरीत ढकलतात. पंचमीला भाऊ येतो, विचारतो, माझी बहीण कुठाय? नणंद म्हणते, पाण्याला गेली. नवरा म्हणतो, पाण्याला गेली. लहानपणी मला त्यातल्या विहिरीची भीती वाटायची. त्या दिवशी गाता गाता त्या उत्तरांची वाटली. किती साध्या, घरगुती आवाजात देतात!

सासूचं कडवं आलं. तोंडातून निघून गेलं, "ऑफिसला गेली, सुट्टी नाही गं बाई."

बायका खिदळल्या. सासूबाई हसल्या नाहीत. मी थांबले.

"पुढे म्हण की गं," एक शेजारीण म्हणाली.

"भाऊ आल्यावर म्हणते. आत्ताच येऊन गेलाय, स्टॉपवरच असेल."

"आणि नाही म्हटलंस तर?" शेजारणीने विचारलं.

"आमच्याकडे हे गाणं अर्धं सोडत नाहीत. भावाच्या जिवाला वाईट असतं."

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण सांगता सांगता मी गॅलरीकडे बघून घेतलं, हे खरं. बायका सासूबाईंकडे बघत राहिल्या. शेवटी नवऱ्याने पेपर ठेवला आणि स्कूटरची किल्ली उचलली.

भाऊ दारात येऊन उभा राहिल्यावर उरलेलं गाणं म्हटलं. विहिरीतली मेलीच. तिला वाचवणारं कडवं आईलाही येत नव्हतं.

मी पिशवी भरली, चपला घातल्या.

"परवा ये हं लवकर," सासूबाई सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणाल्या.

"येते," म्हटलं. आणि तिसऱ्या दिवशी परत आले.