हॉलप्पाचा एकच हुकूम

पिरनवाडीचा मष्णू गेली तीस वर्षं बेळगावातल्या जुन्या प्रदर्शन हॉलचा वॉचमन आहे, आणि या तीस वर्षांत त्याच्या तोंडून 'मला म्हाईत न्हाय' हे शब्द कुणी ऐकलेले नाहीत. रस्ता विचारणाऱ्यालासुद्धा हा माणूस विन्मुख पाठवत नाही. मग तो बिचारा काकतीला जायचा तो खानापुरात का पोचेना!

हॉल मात्र खरोखरच थोर. लोखंडी खांब, वर काचेचं छप्पर, आणि आवाज असा घुमतो की एकानं शिंकलं तर चौघांना सर्दी झाल्यासारखं वाटतं. तो बांधला कुणी आणि कशासाठी, हे विचारणाऱ्यावर अवलंबून. शहापूर-वडगावचे विणकर साड्यांचं प्रदर्शन घेऊन आले की मष्णू सांगायचा, "ह्यो हॉल बांधलाच लुगड्यांसाठनं. सायबाच्या मडमेनं पैलं इरकल हितंच नेसलं." निपाणीचे तंबाखूवाले बैठकीला आले की तीच मडम तपकीर ओढायला लागायची. बँकेच्या परीक्षेला आलेल्या पोरांना त्यानं सांगितलं होतं की इथं पेपर दिलेला माणूस नापास झालेला नाही. त्यातली निम्मी पोरं पुढच्या वर्षी परत आली, तरी मष्णूच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

या बोलघेवडेपणातूनच हॉलला देव मिळाला. मष्णू नोकरीला लागला त्याच आठवड्यात फर्निचरचा सेल होता आणि भर गर्दीत वीज गेली. सेलचा मालक घाबरून म्हणाला, "हितला देव कुठला रं? त्याचा मान ऱ्हायला असंल." नवा वॉचमन 'म्हाईत न्हाय' म्हणेल कसा? दाराशेजारी गुडघाभर उंचीचा एक दगड होता, दरसालच्या चुन्याचे थर बसून मुटकुळं झालेला. मष्णूनं त्याच्याकडे बोट केलं. मालकानं नारळ फोडला, आणि वीज आली.

झालं! तिथून पुढं प्रदर्शन कुत्र्यांचं असो की कुकरचं, आधी शेंदूर आणि नारळ. कन्नडवाले त्याला हॉलप्पा म्हणत, मराठीवाले हॉलोबा. देवानं कधी भेदभाव केला नाही, दोघांचेही नारळ घेतले. तीस वर्षांच्या शेंदरानं तो चांगला बाळसेदार झाला. गंमत म्हणजे स्वतःच बसवलेल्या या देवाला मष्णू स्वतःच भिऊ लागला. फक्त एका बाबतीत त्याची सलगी होती. त्याची शेळी राणी तो रोज हॉलप्पाच्याच गळ्यात दावं टाकून बांधायचा, कारण सावली तिथंच होती.

त्याची बायको राजाबाई करवादायची, "द्येवाला शेरडं बांधत्यात व्हय?"

"राखणीला हाय ती," मष्णू म्हणायचा.

यंदा मात्र हॉलवरच संक्रांत आली. तो पाडून तिथं चार मजली कॉम्प्लेक्स बांधायचं घाटत होतं. वाचवायचा एकच मार्ग होता: हॉलचं नाव सरकारी वारसा यादीत जायला हवं, आणि त्यासाठी तो शंभर वर्षांपेक्षा जुना असल्याचा पुरावा हवा. हॉल गेला की नोकरी जाणार, मागच्या दोन खोल्या जाणार, आणि पंचावन्नाव्या वर्षी मष्णूचं ऐकून घ्यायला कोण बसलंय? हॉल चालवणाऱ्या कमिटीचा सेक्रेटरी नागेंद्र कागदपत्रांचं कपाट उघडायला गेला तर आत फक्त वाळवी होती, तीही खाऊन पिऊन सुखी.

यादी करायला सौम्या नावाची तरुण अधिकारी आली, ती नेमकी डॉग शोच्या दिवशी. आत दोनशे कुत्री भुंकत होती, म्हणजे कानाला आठशे. तिनं ओरडूनच विचारलं, "आप्पा, हा हॉल कधीचा?"

"लई जुना म्याडम!"

"सालाचा दगड नाही का कुठं? असतो की सगळीकडं." तिची नजर फिरत फिरत हॉलप्पावर थांबली. "याच्या खाली काय आहे?"

"खाली कायबी न्हाय, द्येव हाय," मष्णू घाईनं म्हणाला.

"जरा खरवडून बघूया की."

शेजारी उभ्या नागेंद्रनं चटकन दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "म्याडम, कडक देवस्थान आहे हे. हात लावलेला माणूस सुखानं जेवत नाही." ही माहिती त्याला मष्णूनंच दिलेली होती.

सौम्यानं वही मिटली. "बरं तर. पुरावा नाही, असंच लिहिते."

मष्णूनं त्या मिटलेल्या वहीकडं पाहिलं. हॉल जाणार, तेही आपल्याच थापेपायी! त्याला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. त्यानं टोपी काढली. तीस वर्षं पोटात ठेवलेलं एका दमात बाहेर आलं.

"म्याडम, थांबा. ह्यो द्येव न्हाय. त्या दिवशी लाईट गेल्ती आनि मला कायबी म्हाईत नव्हतं, म्हनून मीच बोट दाखीवलं. मला म्हाईतच नव्हतं!"

नागेंद्र आ वासून बघत राहिला. तो गेल्याच महिन्यात मुलीच्या लग्नासाठी इथं पाच नारळांचा नवस बोलला होता.

"मग खरवडा तुम्हीच," सौम्या म्हणाली.

मष्णूनं खुरपं आणलं, दगडापुढं बसला, आणि त्याचा हात काही उचलेना. देव खोटा, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण हाताला ते कोण सांगणार? "चुकलं माकलं पोटात घाल, हॉलप्पा," तो पुटपुटला.

तेवढ्यात वासराएवढं एक कुत्रं मालकिणीच्या हातून सुटून दारात आलं. राणीनं ते पाहिलं आणि जीव खाऊन हिसका दिला. शेंदूर, तेल, चुना असं सगळं कवच दाव्यासकट अखंड निखळलं, आणि शेळी हॉलप्पाला ओढत थेट डॉग शोच्या मधोमध घुसली. दोनशे कुत्री आपला नंबर विसरून तिच्यामागं लागली. परीक्षक टेबलावर चढले. हॉलला तीन फेऱ्या मारून राणी मागच्या दारानं बाहेर पडली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

इकडे दारात काळाभोर घडीव दगड उघडा पडला होता. त्यावर इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत कोरलेली अक्षरं होती. सौम्या गुडघ्यावर बसली, रुमालानं दगड पुसला आणि मोठ्यानं वाचू लागली.

"या हॉलच्या दाराशी जनावरें बांधूं नयेत. हुकुमावरून. सन १९११."

सौम्यानं भराभर फोटो काढले. नागेंद्रनं एकोणीसशे अकरापासूनची वर्षं बोटांवर मोजली, शंभराच्या पुढं गेला तसा मोजणं सोडून त्यानं मष्णूला मिठी मारली. हॉल वाचला होता.

मष्णू मात्र दगडाकडेच बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते. ज्याला आपण खोटा म्हणत होतो त्यानं आपलं घर वाचवलं. त्याचं आयुष्यात एकच सांगणं होतं, आणि आपण वर्षानुवर्षं रोज सकाळी उठून नेमकं तेच मोडत आलो.

दुसऱ्या दिवशी वडगावचे विणकर साड्यांच्या प्रदर्शनाचा नारळ घेऊन आले. मष्णूनं अक्षरं सोडून दगडाच्या माथ्याला तेवढा शेंदूर लावला. एकानं विचारलं, "मष्णूआण्णा, कडक हाय म्हनं द्येव?"

मष्णूनं लांब कुंपणाच्या खांबाला, उन्हात बांधलेल्या राणीकडं बघितलं.

"न्हाय रं," तो म्हणाला. "लई सोसलंय त्यानं."