बोईसरची ग्रीक खाणावळ

हॉटेलात भांडी घासणाऱ्याकडे किस्से न मागता साठतात. गिऱ्हाईक तोंडावर "छान होतं" म्हणून जातं, पण ताटात त्याने काय टाकलं ते मोरीवर बसलेल्यालाच दिसतं. मी बोईसरला एका खाणावळीत सहा महिने अशी ताटं पाहिली. शाळा माझी चौथीपर्यंत, बोलणं मुळातच कमी. म्हणून हे सगळं आत राहिलं. आता नातवंडं विचारतात, तेव्हा एकेक बाहेर येतं.

खाणावळ जानूदादाची. तो घिवलीचा. चौदा वर्षं एका ग्रीक बोटीवर स्वयंपाकी होता. तारापूरकडे विजेच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं, गोरे इंजिनियर जीपमधून फिरू लागले, तेव्हा त्याला वाटलं, ही माणसं रोज डाळभात किती दिवस खातील? त्याने बोईसर स्टेशनजवळ एक गाळा घेतला आणि बोटीवरचं जेवण रांधायला सुरुवात केली. मी सालवडचा, दोन पोरांचा बाप, कामाच्या शोधात होतो. वाढायचं आणि भांडी घासायची, अशी दोन्ही कामं मला मिळाली.

बोटवाल्यांनी त्याची जागा होळीपर्यंत राखून ठेवली होती, तसं पत्रच दिलं होतं. खाणावळ चालली तर राहायचं, नाहीतर परत पाण्यावर. त्याला जायचं नव्हतं. त्याची मुलगी नऊ वर्षांची. आजवर बाप घरी आला की ती दाराआड जायची. "आत्ता कुठं माझ्या ताटात जेवाय लागली, गोविंदा," असं तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

*

बाहेर पाटी लावली, 'ग्रीक खाणावळ'. आमच्याकडे खाणावळीच्या पाटीवर समाजाचं नाव असायचं. कोण रांधतं ते कळल्याशिवाय माणूस आत पाय ठेवत नसे.

पहिल्या आठवड्यात एक गुरुजी पाटीखाली बराच वेळ उभे राहिले. मग मला हळूच विचारलं, "हे ग्रीक आपल्यातले की त्यांच्यातले?"

मी म्हटलं, "गुरुजी, ते लांबचे."

"लांबचे म्हणजे घाटावरचे?"

"त्याहून लांबचे."

गुरुजी विचार करून म्हणाले, "मग चालेल. लांबच्यांची चौकशी कोण करतो?" आणि आत येऊन बसले. रांधणारा शेजारच्या घिवलीचा आहे हे कळलं असतं तर ते जेवले नसते.

*

जानूदादाचा हातखंडा पदार्थ म्हणजे पानात गुंडाळलेला भात आणि खिमा. तिकडे द्राक्षाची पानं घेतात. इथे ती कुठली? तो भोपळ्याची कोवळी पानं घ्यायचा. एकेक पान पुसून, शिरा काढून, विडीएवढी गुंडाळी करायचा. सकाळचे तीन तास त्यातच जायचे.

आमच्याकडे पानात मासे भाजतात, काकडीचं गोड करतात. पण पान सोलून टाकायचं, आतलं खायचं, हे लहान मूलही जाणतं. त्यामुळे गिऱ्हाईक निगुतीने प्रत्येक गुंडाळी सोलायचं आणि मोरीवर माझ्याकडे पानांचा ढीग यायचा. जानूदादा त्या ढिगाकडे बघत राहायचा.

एकदा पालघरजवळच्या माहीमचे एक बागाईतदार आले. त्यांच्या केळीच्या बागा मोठ्या, बोलणंही मोठं. जानूदादाने धीर करून सांगितलं, "शेट, पान पन खायचं हाय."

शेटनी हात थांबवला. "आमच्याकडं पान बैल खातो. तू मला वळखत नाय काय?"

सोबतचा माणूस म्हणाला, "शेट, वळखतो म्हनूनच सांगतोय ना."

ते दोघं पुन्हा आले नाहीत.

*

जेवणात पडायचं ते ऑलिव्हचं तेल. बोटीवरून एक मोठा डबा त्याने आणला होता, जिवापाड जपायचा. पालघरचे एक कारकून जेवायला आले, घास नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"अहो, हे तर बाळाच्या मालिशचं तेल. औषधाच्या दुकानात एवढीशी बाटली मिळते. तुम्ही ह्यात वांगी तळता?"

ही बातमी बाजारभर झाली. पुढच्या बाजारच्या दिवशी आमच्या दारात बायकांची रांग लागली. प्रत्येकीच्या कडेवर मूल, हातात वाटी. खाणावळीसमोर तेवढी गर्दी आधी कधी झाली नव्हती आणि नंतरही नाही. जानूदादाला नाही म्हणता येईना. त्याने पळीने तेल वाढलं. संध्याकाळी डब्याचा तळ दिसला.

"चला," तो म्हणाला, "बोईसरची पोरं तरी ग्रीक झाली."

*

बोटीवर आनंद झाला की ते लोक ताटल्या फोडत, असं तो सांगायचा. एका दुपारी बांधकामावरचे दहा फिटर एकदम जेवायला आले. जानूदादाला इतका आनंद झाला की त्याने आतून एक ताटली जमिनीवर आपटली. आमच्या ताटल्या लोखंडी, पांढऱ्या मुलाम्याच्या. ती फुटली नाही. ठणठणत बाहेर आली, टेबलांमधून घरंगळत रस्त्यावर गेली.

दहाही जण उठले. थोड्या वेळाने एक परत डोकावला. "झगडा खतम हुआ क्या?"

*

माघ सरता सरता गोरे आले. दोघे, जीपमधून. जानूदादाने स्वच्छ सदरा घातला, होतं नव्हतं ते सगळं मांडलं. त्यांनी थोडं थोडं चाखलं, मान डोलावली. तेवढ्यात एकाची नजर मोरीकडे गेली. तिथे मी माझा डबा उघडून बसलो होतो. तांदळाची भाकरी आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाची चटणी.

त्याने बोट दाखवलं. मी डबा पुढे केला. दोघांनी तो पुसून खाल्ला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी हात थांबेना. जाताना त्यांनी हात मिळवला, तोही माझ्याशी.

मी उपाशी राहिलो म्हणून जानूदादाने त्यांच्यापुढचं ताट मला दिलं. मी पानासकट खाल्लं. चांगलं होतं हो. खरंच चांगलं होतं. मी तसं म्हटलंही, पण तो ऐकत नव्हता. त्याने फळीवरून बोटवाल्यांचं पत्र काढलं आणि खिशात ठेवलं.

*

होळीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने तो निघणार होता. चूल विझवली. मी भांडी पालथी घातली. दोन गिऱ्हाईकं आली होती, त्यांना आज बंद म्हणून सांगितलं, तरी ती सावलीला बसून राहिली.

जानूदादाने बूट घातले आणि बायकोची वाट बघत बसला. ती घिवलीहून त्याची पेटी घेऊन येणार होती. बोटीवर प्रत्येक खेपेला नेलेली तीच निळी पत्र्याची पेटी. वैनी बाजारात मासळी विकायची, इथलं सगळं तिच्या कानावर जायचं, पण खाणावळीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

ती आली. पेटी एका बाईच्या डोक्यावर, आणि मुलीच्या हातात टोपली. वैनीने पेटी उतरवून घेतली ती दारात ठेवली नाही. सरळ आत नेऊन चुलीजवळ ठेवली.

जानूदादाने झाकण उघडलं. पेटी काठोकाठ तांदळाच्या पिठाने भरलेली.

"माझे कपडे?"

"वाळत घातलेत."

"सगळे?"

"सगळे."

वैनीने मुलीच्या हातची टोपली घेतली, सुके बोंबील काढले आणि चूल पेटवायला बसली. बाहेर गाडीची शिटी झाली. गाडी थांबली आणि सुटली. आम्ही कोणी त्या बाजूला पाहिलं नाही.

जानूदादाने बूट काढले. बाह्या सारल्या, परातीत पीठ घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "पानी गरम घेऊ?"

वैनीने मान वर केली नाही. "चौदा वर्सं तिकडं काय शिकले तुमी?"