धुतलेलं मांजर

माझ्या सासूबाईंना आमच्या गल्लीत सगळे अस्वलवाल्या काकू म्हणतात. गिऱ्हाईक सांगेल तशी कापडाची मऊ खेळणी त्या शिवतात. अस्वलं, ससे, कासवं. एकदा तर एका दाढीवाल्या गृहस्थाने स्वतःच्या स्कूटरसारखी स्कूटर शिवून घेतली होती. मी कापूस भरते आणि डोळे लावते. बोलायचं खातंही माझ्याकडेच, कारण सासूबाईंना गोड बोलणं जमत नाही. "हे कापड तुमच्या मुलाला टोचेल," असं त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतात. वर, "तुम्हाला नाही टोचणार, तुमची कातडी निबर झालीय," हेही सांगून मोकळ्या होतात.

कापड निवडताना त्यांना बघावं. दुकानदाराने तागा उलगडला की त्या रंगाकडे ढुंकूनही बघत नाहीत. डोळे मिटून कापड वरच्या ओठावरून फिरवतात, एकदा लवेच्या दिशेने आणि एकदा उलट. दुकानदार कपाळाला हात लावतो, मी दुसरीकडे बघते. घरी आणलेलं कापड धुतल्याशिवाय त्याला कात्री लागत नाही, हा त्यांचा दुसरा नियम. "कोरडं कापड थापा मारतं. पाण्यात घाला, मग कळतं किती आटतं आणि किती रंग सोडतं." तीस वर्षांत हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. त्याच नियमाने आमचं नाक कापलं.

पोस्टात खिडकीवर बसणारी एक बाई एका सकाळी आमच्याकडे आली. तिने पिशवीतून एक कापडी मांजर काढलं. एक कान लोंबत होता, पोट विरलं होतं, आणि रंग धड करडा नाही, धड तपकिरी नाही. मांजर तिच्या आईचं होतं. आईला विसरण्याचा आजार. मुलीचं नावसुद्धा आठवत नाही, पण मांजर मांडीवर असलं की तासन्‌तास शांत बसते. ते पार फाटायच्या आत तिला तसंच दुसरं शिवून हवं होतं.

"ती झोपलीय तोवर उचलून आणलंय," ती म्हणाली. "कापड जुळवायला ठेवा, पण चारला मी परत न्यायला येते. त्याच्याशिवाय तिची संध्याकाळ निघत नाही."

ती गेल्यावर सासूबाईंनी मांजर ओठाला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "यात रंग कुठला दिसायला? नुसता मळ आहे." पुढच्याच मिनिटाला मांजर बादलीत होतं. विचारायला हवं होतं, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. साबण मीच आणून दिला.

पाणी तीनदा काळं झालं. मग आतून सायीच्या रंगाचं मांजर निघालं, पाठीवर चक्क एक पट्टा होता. सासूबाई हरखून गेल्या. उन्हात वाळवून त्यांनी त्याला ब्रश मारला, तशी वर्षानुवर्षं चपटी पडलेली लव ताठ उभी राहिली. कानही शिवून टाकला.

चारला पोस्टातली बाई आली आणि दारातच थबकली. "हे आमचंच?"

सासूबाई तोंड उघडणार तोच मी म्हणाले, "अहो, जरासा ब्रश मारला. धूळ होती ना बरीच."

हे मी का बोलले? तिचा चेहरा बघून मला कळलं होतं की आमचं काहीतरी चुकलंय, आणि त्या क्षणी कबूल करण्यापेक्षा झाकणं सोपं वाटलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. साऱ्या जगाला तोंडावर बोलणारी बाई, पण त्याही गप्प राहिल्या.

तीन दुकानं पालथी घालून आम्ही सायीच्या रंगाचं कापड मिळवलं. धुतलं, कापलं, नाकापासून शेपटीकडे लव वळवून शिवलं. मांजर तयार झालं म्हणून मी आठवड्याने पोस्टातल्या बाईला फोन केला.

"आता ते नसलं तरी चालेल," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "आई जुन्यालाच हात लावत नाही. फेकून देते. दिवसभर पलंगाखाली, कपाटात काहीतरी शोधत फिरते, रडते. आजार एकदम वाढलाय. डॉक्टर उद्यापासून गोळ्या वाढवणार. त्या घेतल्या की ती नुसती पेंगते, घासही गिळत नाही. पण करणार काय? आता मांजरालाही ओळखत नाही."

मी हे सगळं सांगितलं तेव्हा सासूबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "चप्पल घाल," त्या म्हणाल्या.

"आई, आता सांगून काय होणार? ती चार ठिकाणी सांगेल. तुमचं नाव जाईल."

"माझं आहे ना? जाऊ दे."

पोस्टातल्या बाईच्या घरी तिची आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. जुनं मांजर जमिनीवर पडलेलं. सासूबाईंनी ते उचलून तिच्यापुढे धरलं. म्हातारीने नाक खुपसून ते हुंगलं आणि विचारलं, "माझं मांजर कुणी धुतलं?"

"आठ दिवस हेच चाललंय," मुलगी ओशाळून म्हणाली. "काहीही बोलते हो ती. मनावर घेऊ नका."

"काहीही नाही बोलत त्या," सासूबाई म्हणाल्या. "त्यांचं बरोबर आहे. मी धुतलं. साबण लावून, तीनदा."

मग मुलीने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तर ब्रश म्हणालात." आवाज तिने चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. आठ दिवस तिची आई खरं बोलत होती, आणि माझ्या एका वाक्यामुळे ते वेड ठरलं होतं. मला मान वर करवेना. मुलगी आत गेली आणि तिने डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या वाढवू नका, असं ती सांगत होती, ते आम्हाला बाहेर ऐकू आलं.

गोळ्या टळल्या, पण मांजर काही पूर्वीचं झालं नाही. तेव्हापासून सासूबाई दर गुरुवारी तिकडे जाऊन बसतात. म्हातारी दर वेळी विचारते, माझं मांजर कुणी धुतलं? त्या दर वेळी सांगतात, मी. "मला विचारलं होतंस?" "नाही विचारलं." पाच मिनिटांत ती हे विसरते आणि पुन्हा विचारते. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण सासूबाई तेच सांगतात, आणि घरी येताना त्यांचे कान लाल झालेले असतात.

मागच्या गुरुवारी सासूबाईंना ताप होता, म्हणून मी गेले. म्हातारीने मांजर हुंगलं. "माझं मांजर कुणी धुतलं?"

'सासूबाईंनी' हा शब्द माझ्या जिभेवर अगदी तयार होता. खोटाही नव्हता.

"आम्ही दोघींनी," मी म्हणाले. "आणि मग मी खोटं बोलले."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मांजर माझ्या मांडीवर ठेवलं.

"ओलं आहे अजून," ती म्हणाली. "वाळेपर्यंत तूच धर."

ते कधीच वाळलं होतं. मी ते धरून अंधार पडेपर्यंत बसले.